थारला स्वस्तातली विंच आणि पुढचा लोखंडी बंपर: दोन पावसाळे वापरून झाल्यावर

विंच म्हणजे अडकलेली गाडी दोरीनं ओढून काढणारं, पुढच्या बंपरवर बसणारं बॅटरीवरचं यंत्र, ती बसवून दोन पावसाळे झाले, म्हणून आता लिहायला बसलोय. बसवल्यावर आठ दिवसांत "एकदम भारी आहे, डोळे झाकून घ्या" असं लिहिणाऱ्यांचं वाचूनच मी पहिल्यांदा चुकीच्या दुकानात गेलो होतो, त्यामुळे स्वतः घाई करायची नाही हे तेव्हाच ठरवलं होतं. गाडी २०१६ ची थार, सीआरडीई, म्हणजे २०२० ला नवी थार आली त्याच्या आधीची, अडीच लिटर डिझेल, पुढं टॉर्शन बार (स्प्रिंगच्या जागी पिळणाऱ्या लोखंडी दांड्या), मागं पाटे. राहायला कोल्हापुरात, काजूची बाग चंदगड तालुक्यात, आणि शेवटचा अडीच किलोमीटर रस्ता म्हणजे तांबड्या मातीची गाडीवाट, जून ते सप्टेंबर तिथं ट्रॅक्टरची चाकं जी चाकोरी पाडून जातात त्यात थारचं पोट टेकतं.

विंच घ्यायचं कारण सांगतो. तीन वर्षांपूर्वी जुलैमध्ये वडिलांना घेऊन बागेकडं गेलो होतो, येताना ओढ्याच्या अलीकडं गाडी डाव्या अंगाला घसरली आणि दोन्ही डावी चाकं चिखलात गेली, फोर लो (चारही चाकांना जोर देणारा हळू गिअर) टाकला, मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं, डिफरन्शियलला आपोआप लागणारं लॉक आहे तेही लागलं, पण गाडी फक्त खाली खाली जायला लागली. संध्याकाळचे पाच वाजलेले, पाऊस थांबेना, गावातून ट्रॅक्टर यायला दोन तास, आणि ट्रॅक्टरवाल्यानं जी साखळी लावली ती पहिल्याच हिसक्याला तुटून त्याच्या मडगार्डवर आदळली. माणूस वाचला, फूटभर इकडं आली असती तर काय झालं असतं ते मला आजही आठवतं. रात्री साडेनऊला जेसीबीनं काढलं. वडील पंचाहत्तरीचे, भिजून थंडी भरली त्यांना. त्या रात्रीच ठरवलं की बाहेर निघायची सोय गाडीवरच पाहिजे.

पण आधी एक सांगतो, ज्यांना वर्षातून दोनदा ताम्हिणीला किंवा आंबोलीला फिरायला जायचंय त्यांनी विंचच्या नादाला लागू नये. टायरची हवा १८ पीएसआयवर आणली तरी निम्म्या वेळा गाडी निघते आणि त्याला एक रुपया लागत नाही, फक्त परत भरायला छोटा कॉम्प्रेसर जवळ ठेवा. एक फावडं, चाकाखाली टाकायच्या दोन पट्ट्या आणि सोबत दुसरी गाडी असेल तर एक चांगला लवचिक दोर, एवढ्यात काम होतं. विंच त्यांच्यासाठी जे एकटे जातात आणि जिथं मदतीला यायला कोणी नाही. मी बागेत नव्वद टक्के वेळा एकटाच असतो म्हणून मला ती लागली.

आता किती ताकदीची घ्यायची. सगळीकडं एकच हिशेब सांगतात आणि तो बरोबर आहे, माणसं सामान धरून गाडीचं जे एकूण वजन होतं त्याच्या दीडपट. माझी थार भरल्यावर सव्वादोन टनाच्या आसपास जाते, दीडपट म्हणजे ३४०० किलो. विंचवर आकडा पाउंडात असतो, ८००० पाउंड म्हणजे ३६२९ किलो, ९५०० म्हणजे ४३०९ किलो, १२००० म्हणजे ५४४३ किलो. कागदावर ८००० चाललं असतं, पण तो आकडा ड्रमवर दोरीचा एकच थर उरला असेल तेव्हाचा असतो, हे दुकानदार सांगत नाही. दोरी जशी जशी ड्रमवर गुंडाळत जाते तसा घेर वाढतो आणि ओढ कमी होते, चौथ्या थरापर्यंत साधारण चाळीस टक्के गेलेली असते. म्हणजे झाड जवळ असेल आणि तुम्ही दोरी थोडीच सोडली असेल तर ९५०० ची विंच साडेपाच-सहा हजाराचंच काम करते. शिवाय चिखलाचं ओझं वेगळं. चाकं बुडालीत तर अजून गाडीच्या वजनाएवढी ओढ धरायची, फेंडरपर्यंत बुडाली तर दुप्पट, त्याच्या वर गेली तर तिप्पट. म्हणून मी ९५०० घेतली. १२००० ची का नाही असं बऱ्याच जणांनी विचारलं, तर ती जड, करंट जास्त खाणार, आणि माझ्या पुढच्या टॉर्शन बारला तेवढं वजन द्यायचं नव्हतं. जिप्सीवाल्यांना ८००० भरपूर झाली, जिप्सी मुळातच टनाच्या आसपासची गाडी आहे.

ब्रँड. इथं मी मुद्दाम नाव लिहीत नाहीये, कारण स्वस्तातल्या बऱ्याच विंचा चीनमधून येतात आणि तोच माल वेगवेगळ्या नावानं, वेगवेगळ्या रंगाच्या झाकणात विकला जातो. मी तीन दुकानांत तीन नावं बघितली, गिअरचं घर, क्लचचा दांडा, बोल्टची जागा सगळं जसंच्या तसं, भाव मात्र ३२ हजारापासून ४९ हजारापर्यंत. वॉर्नचं नाव सगळ्यांना माहीत आहे, अमेरिकेतली १९४८ पासूनची कंपनी, आधी जीपचे लॉकिंग हब (पुढची चाकं हवी तेव्हा जोडणारे-सोडणारे) बनवायची आणि १९५९ पासून गाडीवरच्या इलेक्ट्रिक विंचमध्ये आहे, माल खरंच चांगला, पण मला तेवढ्याच ताकदीच्या विंचचा जो भाव सांगितला तो लाखाच्या वर होता. तेवढे असते तर घेतली असती हे सरळ सांगतो. नव्हते. म्हणून स्वस्तातलीच घ्यायची पण त्यात काय बघायचं ते शिकायला मी दोन महिने घालवले.

पहिलं, मोटर. सिरीज वाउंड (आत चुंबकाऐवजी तारेच्या गुंडाळ्या असलेली) आहे का ते विचारा. लहान आणि स्वस्त विंचांमध्ये बऱ्याचदा आत कायमचे चुंबक असलेली मोटर असते, ती करंट कमी खाते पण लवकर तापते, आणि तापली की ताकद जाते. शेतातून एकदा गाडी ओढायला ठीक, सलग काम करायला सिरीज वाउंडच पाहिजे. दुसरं, गिअर प्लॅनेटरी असणार, बहुतेक सगळ्यांत तोच असतो, त्यात फार डोकं घालायची गरज नाही, फक्त ब्रेक कुठं आहे ते बघा. स्वस्त विंचांमध्ये ब्रेक ड्रमच्या आत असतो आणि वजन लटकत असताना पॉवरनं दोरी सोडली की ड्रम सपाटून तापतो. स्टीलच्या दोरीला काही होत नाही, प्लास्टिकची दोरी असेल तर आतला थर वितळू शकतो. तिसरं, कंट्रोल बॉक्स, म्हणजे विंच चालू-बंद करणारा डबा. माझं घोडं इथंच अडलं, ते पुढं येईलच.

विंच मी ३६,५०० ला घेतली, स्टीलची दोरी, दोरी ज्यातून बाहेर येते ते रोलर, वायरचा रिमोट आणि बिनवायरचा रिमोट असं सगळं धरून. आयपी ६७ असं खोक्यावर छापलेलं. म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडाली तरी आत पाणी जायला नको.

आता बंपर, आणि माझं स्पष्ट मत आहे की विंचपेक्षा जास्त वेळ बंपर निवडण्यात घालवा. चार टन ओढणारं यंत्र तुम्ही ज्याला बोल्टनं धरणार ते चार टन सहन करणार का एवढाच सवाल आहे. पुण्यातल्या एका दुकानात तयार बंपर बघायला गेलो होतो, दिसायला लई देखणा, काळा पावडर कोट, लाल हुक, एलईडीला जागा, भाव १८ हजार. सोबत आमचे फॅब्रिकेटर मामा होते, उद्यमनगरात त्यांचं शेड आहे, चाळीस वर्षं लोखंडात गेलीत. त्यांनी खिशातून व्हर्नियर काढला, कडेला लावला, दोन एमएमचा पत्रा. मग खाली वाकून आत हात घातला आणि म्हणाले, "बाळ, आत नुसते टाके मारलेत, पूर्ण वेल्डिंग न्हाई." विंच जिथं बसते ती प्लेट तीन एमएमची, आणि सगळा बंपर कंपनीच्या बंपरच्या चार बोल्टांवर. चेसिसला काही पकडच नाही. ते लाल हुक तर पत्र्यालाच वेल्ड केलेले, त्याला दोर लावून कोणी हिसका दिला असता तर हुक गोळीसारखा सुटला असता. दुकानदाराला विचारलं तर म्हणाला "आजपर्यंत कोणाची तक्रार नाही". आम्ही चहा पिऊन परत आलो.

मग मामांनाच सांगितलं की तुम्हीच करा. २३ हजारात झालं, आणि सगळ्यात समाधान मला याचंच आहे. शेल, म्हणजे बंपरचं बाहेरचं कवच, तीन एमएमची, विंचची प्लेट सहा एमएमची आणि ती प्लेट दोन्ही बाजूंनी वळवून चेसिसच्या दोन्ही टोकांवर बाहेरून आणि आतून पकडलेली, म्हणजे ओढ थेट चेसिसवर जाते, शेल फक्त झाकायला. डी शॅकलसाठी (दोर अडकवायच्या कडीसाठी) वीस एमएमचे कान, ते शेलमधून आरपार मागच्या प्लेटपर्यंत गेलेले आणि दोन्ही बाजूंनी सीओटू वेल्डिंग. बोल्ट सगळे ८.८ ग्रेडचे, डोक्यावर आकडा कोरलेला बघून घेतले. विंचचे चार बोल्ट बसायची मापं ठरलेली असतात, ८००० ते १२००० पर्यंतच्या बहुतेक विंचांना १० इंच बाय साडेचार इंच, त्यामुळे उद्या विंच बदलली तरी प्लेट तीच चालेल. हे माप मामांना आधी माहीत नव्हतं, मी विंचच आणून समोर ठेवली तेव्हा काम सुरू झालं. तुम्हीही तसंच करा, नकाशावरून करू नका.

तरी एक चूक झालीच. विंच प्लेटवर बसली, बोल्ट लागले, आणि मग लक्षात आलं की क्लचचा दांडा, म्हणजे ड्रम मोकळा सोडायचा तो, शेलला अडतोय, अर्धाच फिरतोय. शेल परत काढून ग्राइंडरनं खाच पाडली, एक दिवस गेला. दुसरी गोष्ट मी आधीच सांगून ठेवली होती ती म्हणजे बंपरच्या खालच्या बाजूला पाणी-चिखल निघून जायला भोकं, नाहीतर पावसाळाभर आत चिखल साचून बसतो आणि लोखंड आतून खातो. आणि दोन्ही टोकं वरच्या अंगाला कापलेली, कारण जुन्या थारला पुढून चढायचा कोन ४४ अंशाचा आहे, तोच बंपरनं घालवला तर फोर बाय फोर घेऊन उपयोग काय. विंच शक्य तेवढी खाली बसवली, वर बसवली की रेडिएटरची हवा अडते. फोंडा घाट भर दुपारी मे महिन्यात चढून बघितला, काटा जागचा हलला नाही, तेव्हा जीव खाली बसला.

रंगाचं म्हणाल तर पावडर कोट मी मुद्दाम टाळला. दिसतो छान पण दगड लागून कुठं एक टवका उडाला की गंज आतल्या आत सरकत जातो आणि वरून कळत नाही. झिंक प्रायमर आणि वर साधा काळा रंग, दर मे महिन्यात ब्रश घेऊन घरीच हात मारतो, दोनशे रुपयांत काम.

वजनाचं बघा, विंच ३९ किलो, बंपर ४६ किलो, गाडीचं नाक जवळजवळ इंचभर खाली आलं. जुन्या थारला टॉर्शन बारचा बोल्ट आवळून उंची परत आणता येते, पण त्यानंतर अलाइनमेंट करायलाच पाहिजे, मी आधी टाळली आणि दोन महिन्यांत पुढचे टायर आतून खाल्ले गेले. नव्या थारवाल्यांना पुढं कॉइल स्प्रिंग आहेत, त्यांना स्प्रिंगचाच विचार करावा लागेल.

आता कायद्याचं, कारण हे कोणी लिहीत नाही. रस्ते वाहतूक मंत्रालयानं डिसेंबर २०१७ मध्ये सगळ्या राज्यांना पत्र पाठवलं होतं की गाड्यांच्या पुढं लावलेले क्रॅश गार्ड, बुल बार हे मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ च्या विरुद्ध आहेत, कारवाई करा. आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर गाडीत परवानगी नसलेला बदल केला तर मालकाला प्रत्येक बदलामागं ५००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. यामागचं कारणही खरं आहे, पायी चालणाऱ्या माणसाला लोखंडी बंपर लागला की तो वाचायची शक्यता कमी होते, आणि एअरबॅग असलेल्या गाडीत पुढच्या धडकेचा जोर सेन्सरपर्यंत कसा पोचतो तेच बदलून जातं. माझ्या जुन्या थारला एअरबॅग नाहीत, पण पायी चालणारा माणूस तर सगळीकडं आहे. म्हणून मी पुढं पाइपचा घोडा, शिंगं असलं काहीही लावलेलं नाही, आणि कंपनीचा बंपर, त्याचे बोल्ट सगळं पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलंय. पावसाळ्याचे चार महिने गाडी बागेकडंच असते तेव्हा लोखंडी, दिवाळीनंतर दोन तासांत जुना परत चढतो, फक्त मे महिन्यात रंगाला आणि घाट चढून बघायला थोडे दिवस लोखंडी असतो. त्यानं कायदा पूर्ण पाळला जातो असा माझा दावा नाही, आणि विमा कंपनी क्लेमच्या वेळी प्रश्न काढू शकते हेही धरून चाला. ज्यांची एकच गाडी आहे आणि रोज शहरात फिरते त्यांनी, विशेषतः एअरबॅगवाली नवी थार असेल तर, कंपनीच्या बंपरच्या मागं लपून बसणारी विंच प्लेट मिळते तिचा विचार करावा. बंपर तोच राहतो, फक्त खालून दोरी बाहेर येते. आणि नंबर प्लेट कुठल्याही परिस्थितीत झाकली जाता कामा नये. माझी बिजागरीवर आहे, विंच चालवताना वर उचलायची, एरवी खाली.

वायरिंगला वेगळा परिच्छेद देतोय कारण लोक इथंच पैसे वाचवतात. पूर्ण ओझ्यावर ही विंच ४०० अँपिअरच्या घरात करंट ओढते. कुठलाही साधा अल्टरनेटर तेवढं देऊ शकत नाही, बाकीचं सगळं बॅटरीतून जातं, म्हणून विंच चालवताना इंजिन चालू पाहिजे, हातानं थोडी रेस धरलेली पाहिजे, आणि मिनिटभर ओढलं की थांबायचं. विंचबरोबर ज्या केबल आल्या होत्या त्या जाड दिसत होत्या, पण ब्लेडनं खरवडलं तर वरून तांब्याचा मुलामा आणि आत पांढरं ॲल्युमिनियम. आमच्या वायरमननं त्या हातात घेऊन बाजूलाच ठेवल्या. वेल्डिंग मशीनची ५० स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल आणली, टोकांना तांब्याचे लग दाबून बसवले, वर स्लीव्ह, आणि अर्थिंग बॉडीला न देता थेट बॅटरीच्या निगेटिव्हला. बॅटरीजवळ एक मोठा कट-ऑफ स्विच, हातानं फिरवायचा. हे सगळं मिळून ६,८०० झाले. त्यातला तो स्विच होता बाराशेचा, आणि त्या स्विचनंच मला वाचवलं.

झालं असं, पहिल्या पावसाळ्यात ऑगस्टमध्ये शेजारच्या बागेतल्या काकांची पिकअप ओढत होतो, म्हणजे माझी थार एका जांभळीला मागून बांधलेली आणि विंचनं पिकअप पुढं ओढायची. पिकअप कडेला आली, मी रिमोटचं बटण सोडलं, आणि विंच थांबलीच नाही. दोरी येतच राहिली, पिकअप येतच राहिली, काका आत बसलेले. रिमोटचं बटण दाबतोय, सोडतोय, उलटं दाबतोय, काही उपयोग नाही. बॉनेट उघडाच होता, धावत जाऊन कट-ऑफ फिरवला तेव्हा थांबली, पिकअपचा बंपर आणि माझा बंपर यात दीड हात अंतर होतं. आत कंट्रोल बॉक्समधला कॉन्टॅक्टर, म्हणजे मोटरचा करंट जोडणारा-तोडणारा मोठा स्विच, चिकटला होता. उघडून बघितलं तर तळाला पाणी, पितळी टर्मिनलवर हिरवा थर. ज्या विंचवर आयपी ६७ लिहिलंय तिच्या डब्यात पाणी, आणि गाडी तर ओढ्यात नेलीच नव्हती, नुसता पाऊस आणि चाकाचा चिखल. दुकानदाराला फोटो पाठवले, उत्तर आलं की "पाणी गेलेलं दिसतंय, वॉरंटीत बसत नाही". पाणी जाणार नाही म्हणून तर त्या छापावर पैसे दिले होते. त्या उत्तरानं मला खरंच वाईट वाटलं, कारण इथं प्रश्न बावीसशे रुपयांच्या कॉन्टॅक्टरचा नव्हता, आत बसलेल्या माणसाचा होता.

त्यानंतर काय केलं ते लिहितो, म्हणजे तुम्ही पहिल्या दिवशीच करा. नवा कॉन्टॅक्टर २,२०० ला, नावाजलेल्या कंपनीचा, आणि पूर्ण कंट्रोल बॉक्स विंचवरून काढून बॉनेटच्या आत, फायरवॉलजवळ (इंजिन आणि केबिनमधल्या पत्र्याजवळ) उंचावर बसवला. मोटरचं मागचं झाकण उघडलं, त्याला कागदासारखं पातळ गॅस्केट होतं, ते काढून सिलिकॉन लावलं. गिअरमध्ये ग्रीस नावालाच होतं, चांगलं भरलं. बिनवायरचा रिमोट काढूनच टाकला, वायरचा रिमोट खिडकीतून आत घेऊन चालवतो, आणि सोबत कोणी असेल तर त्याला कट-ऑफपाशी उभा केल्याशिवाय आता बटण दाबत नाही. दुसऱ्या पावसाळ्यात सतरा-अठरा वेळा वापरली, एकदाही अडली नाही. म्हणजे यंत्र मुळात चांगलं आहे, झाकण, वायर आणि डबा यात पैसे वाचवलेत त्यांनी, आणि तेवढं तुम्ही स्वतः नीट केलं तर ३६ हजारात चांगली वस्तू हाती येते.

दोरी. स्टीलची दोरी एका पावसाळ्यातच गंजून तिच्यावर कुसळं उभी राहिली, जाड हातमोजे असूनही एक तळव्यात घुसलं. शिवाय ती तुटली तर साखळीसारखीच उडते आणि ते मी एकदा बघितलेलं आहे. म्हणून दुसऱ्या वर्षी १० एमएमची सिंथेटिक, म्हणजे प्लास्टिकच्या धाग्यांची दोरी घेतली, सोबत रोलरऐवजी दोरी बाहेर काढायला ॲल्युमिनियमचा गुळगुळीत हॉस, ११,५०० लागले. जुन्या रोलरमधून सिंथेटिक चालवू नका, स्टीलनं त्याला चरे पडलेले असतात आणि ते दोरी कापतात. गोव्यात २०१४ पासून पावसाळ्यात जी रेनफॉरेस्ट चॅलेंज ही चिखलातल्या गाड्यांची स्पर्धा होते ती बघायला गेलो होतो, तिथं तर मला गाड्यांवर सिंथेटिकच दिसली, एका टीममधल्या पोरानं सांगितलं की रोज संध्याकाळी दोरी पूर्ण सोडून बादलीत धुतात, कारण मातीचे कण धाग्यात शिरले की आतून कापत राहतात. आमच्याकडं जांभ्याची धार त्याहून वाईट, कडेवरून दोरी जात असेल तर खाली पोतं घालायचं. वजन मात्र दहा किलोनं कमी झालं, नाक थोडं वर आलं. ड्रमवर कमीत कमी आठ-दहा वेढे राहिलेच पाहिजेत, नाहीतर दोरी ड्रमवरून घसरते, मी त्या जागी लाल धागा बांधून ठेवलाय.

बाकीचं किरकोळ पण टाळू नका. झाडाला रुंद पट्टा, १,५०० रुपये, थेट दोरी गुंडाळली तर झाडाची साल जाते आणि झाड मरतं. काजूच्या झाडाला कधीच धरू नका, मोडतं, ऐन किंवा जांभळाचं जुनं खोड बघा. शॅकल दोन, १,३०० रुपये, पाऊण इंची, वर ४.७५ टन असं कोरलेलं असतं, कोरलेलं नसेल तर घेऊ नका. स्नॅच ब्लॉक २,४०० ला, ही पुली दोरीच्या मध्ये लावली की ओढ जवळजवळ दुप्पट होते आणि वेग निम्मा. स्वस्त विंचवाल्यानं तर ती आधी घ्यावी, कारण मोटरवरचं निम्मं ओझं कमी होतं. दोरीवर मध्यभागी ओली गोधडी टाकायची, तुटली तर ती गोधडी दोरीला खाली पाडते. आणि ताणलेल्या दोरीवरून कोणी पाय टाकून ओलांडायचं नाही, घरच्या पोरांना सुद्धा मी हे ओरडून सांगतो.

सगळा हिशेब मांडला तर दुरुस्ती आणि नवी दोरी धरून ८५,२०० रुपये झाले. दुकानात मला सगळं मिळून साठ हजार सांगितलं होतं, म्हणून तुम्ही बजेट ठरवताना विंच आणि बंपरची जी किंमत होते त्यावर आणखी चाळीस टक्के बाजूला ठेवा. आज परत घ्यायची झाली तर पहिल्यापासून दोरीशिवायची विंच मागीन, काही जण देतात, आणि ते वाचलेले पैसे सिंथेटिकमध्ये घालीन. बंपर मात्र मामांकडूनच.

या मे महिन्यात वळिवाचा पाऊस आला त्या दिवशी त्याच काकांची पिकअप काजूच्या पोत्यांसकट ओढ्याच्या अलीकडं बसली, जिथं आमची गाडी बसली होती जवळपास तिथंच. ऐनाला पट्टा, स्नॅच ब्लॉक, गोधडी, काकांचा मुलगा कट-ऑफपाशी. मिनिटभर ओढायचं, दोन मिनिटं थांबायचं, मोटरवर हात ठेवून बघायचा, हात ठेवून घेता येईना तर आणखी थांबायचं. चाळीस मिनिटं लागली. पिकअपची चारही चाकं वाटेवर आल्यावर पुन्हा हात ठेवला, मोटर कोमट होती.